शिडीवाल्याचं पुढे काय झालं

९ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून दचकू नकोस. सगळे जागच्या जागी आहेत. आमची खोली एक, आणि ह्यांचा पलंग तिच्या मधोमध. मी फोनवर नुसतं 'हॅलो' म्हटलं तरी ह्यांचे कान टवकारतात आणि मग तासभर मला जबानी द्यावी लागते. म्हणून हे दुकानात बसून लिहितेय. तूही उत्तर घरी पाठवू नकोस, चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव. मी मागच्या खोलीत काचा घासत असते, मालक तिथे आणून देतात. वाचायची भीती नाही. जगाला चष्मे विकतात, स्वतःचा कायम हरवलेला असतो.

तर झालं असं. परवा न्हावी ह्यांची दाढी करायला घरी आला होता. बंबवाल्यांचा तो पिक्चर लागल्यापासून तो ह्यांना 'शिडीवाले'च म्हणतो. साबण लावता लावता म्हणाला, "शिडीवाले, तुमच्या पिक्चरचा दुसरा भाग येतोय. पेपरात आलंय." ह्यांनी मान झटक्यात वळवली, गालाला कापलं. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. सकाळी डोळे उघडले की आवाज लावतात. आ, ई, ऊ. शेजारीण विचारून गेली, काही दुखतंय का त्यांचं.

ह्यांचं म्हणणं सरळ आहे. पहिल्या भागाच्या शेवटी शिडीवाला जिवंत आहे, बंबावर उभा राहून निघून जातो. मेला असता तर प्रश्न मिटला होता. जिवंत आहे म्हणजे दुसऱ्या भागात तो हवाच, नाहीतर प्रेक्षक विचारतील. सेटवरच्या त्या शिडीवरून पडल्याला सहा वर्षं झाली, कमरेखालचं अंग तेव्हापासून हललेलं नाही, हे ह्या तर्कात कुठे बसत नाही. मी आठवण करून दिली तर म्हणाले, "बसून करायचे शॉट असतात. टिल्लू लिहितोय ना? तो काढेल वाट."

तूच लिहितोयस ना? पहिल्याचे संवाद तुझे होते आणि ह्यांना नाटकातून उचलून त्या कामाला तूच नेलंस, म्हणून विचारते. शिडीवाल्याचं काय केलंयस? असेल ते सरळ सांग. डोक्यालाही मार बसला होता, त्यामुळे ह्यांना तो पडल्याचा दिवस आठवत नाही, परवाचं जेवण आठवत नाही, पण एकदा धरलेली आशा हा माणूस विसरत नाही. ती वाढू द्यायची की मोडायची, ते मला आधी ठरवू दे.

मावशीला नमस्कार सांग. भाचीला विसरली नाही ना, विचार.

तुझी,
ताई


१८ फेब्रुवारी

ताईला नमस्कार,

हाताने लिहायची सवय मोडलीय, अक्षराला हसू नकोस. आई बरी आहे. तुझं पत्र आलंय म्हटल्यावर पहिला प्रश्न, "कशाला? काय झालं?"

हो, मीच लिहितोय. आमच्या धंद्यात एखादा नट दुसऱ्या भागात नसला की ठरलेल्या चार वाटा असतात. पहिली, एक वाक्य. 'त्याची बदली झाली.' ते वाक्य कुणीतरी चहा पिता पिता म्हणतं आणि कप खाली ठेवेपर्यंत प्रेक्षक त्या माणसाला विसरलेला असतो. दुसरी, भिंतीवर फोटो. दोन जण फोटोकडे बघून क्षणभर गप्प राहतात, स्वस्तात काम. तिसरी, माणूस तोच, चेहरा नवा. पहिली दहा मिनिटं लोक कुजबुजतात, मग सवय होते. चौथी, पाठमोरा उभा करायचा. मी एका पिक्चरमध्ये अख्खी आजी पाठमोरी चालवली होती. कुणाला कळलं नाही. आजीला मिशा होत्या.

भाऊजींसाठी मला यातली एकही वाट नको. मी त्यांना खरा प्रसंग लिहिलाय, चार पानं सोबत जोडली आहेत. शिडीवाला आता अग्निशमन केंद्रात फोनवर बसतो. टेबलामागे, कमरेच्या वरचाच दिसतो. एक बाई जळत्या घरात अडकलीय, आणि बंब पोचेपर्यंत हा तिच्याशी फोनवर बोलत राहतो. दिग्दर्शकांना वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली.

फक्त भाऊजींना इतक्यात सांगू नकोस. आमच्याकडे कागदावरचं पडद्यावर येईपर्यंत बरंच पाणी वाहून जातं.

तुझा,
टिल्लू


२ मार्च

प्रिय टिल्लू,

सांगितलं. रागावू नकोस. तुझी चार पानं पिशवीत ठेवून मी दोन दिवस त्या माणसाचं 'आ, ई, ऊ' ऐकलं, आणि तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं.

दुकानातला एक जुना बंद फोन मालकांकडून मागून नेला. आता रोज संध्याकाळी तालीम असते. हे पलंगावर टेकून फोन कानाला लावतात, मी ओट्यापाशी भिंतीकडे तोंड करून उभी. मी जळत्या घरातली बाई. "बाई, दाराला हात लावून बघा. गरम आहे?" मी म्हणते, गरम आहे. "मग उघडू नका. खाली बसा. मी आहे." टिल्लू, हे 'मी आहे' ते असं म्हणतात की माझ्या हातातलं काम थांबतं. परवा शेजारीण दारात उभं राहून ऐकत होती. तिने डोळे पुसले आणि मग उसनी साखर मागायचं विसरून गेली.

आवाज अजून जागेवर आहे. बाकी काही राहिलं नसलं तरी.

आता एक गोष्ट. काल तालीम संपल्यावर म्हणाले, "टिल्लूला म्हणावं, या वेळी माझ्यावर लक्ष ठेव. मागच्या वेळी मी वेंधळेपणा केला. पट्टा स्वतःच सोडला. सगळ्यांचा खोळंबा झाला." हे मी सहा वर्षं ऐकतेय. घरी कुणी आलं की चहाबरोबर हे त्याची माफी मागतात. ज्याचा त्या पिक्चरशी काडीचा संबंध नाही त्याचीही. चौकशीचा कागद आला होता ना, त्यात होतं, 'नटाने कुणाच्याही सूचनेशिवाय सुरक्षेचा पट्टा स्वतः सोडला.' तो मी ह्यांना वाचून दाखवला, ती माझी चूक. बाकी सगळं विसरतात, ते वाक्य पाठ आहे.

तू त्या दिवशी शिडीखाली होतास. मी तुला कधी विचारलं नाही. दवाखान्यात तू भिंतीला डोकं टेकून रडत होतास, तेव्हा विचारवेना, आणि नंतर राहूनच गेलं. आता विचारते. हा माणूस घराला कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघायचा. त्याने चाळीस फुटांवर पट्टा का सोडला?

तुझी,
ताई


१९ मार्च

ताई,

वाईट बातमी आहे, आणि अर्धी चांगली. प्रसंग कापला गेला. विमा कंपनी म्हणते, ज्या माणसाला मागच्या सेटवर अपघात झाला त्याला पुन्हा सेटवर आणायचं नाही, खुर्चीत बसवूनसुद्धा नाही. मी म्हटलं, घरी येऊन आवाज तरी घ्या. दिग्दर्शक म्हणाले, "नुसता आवाज कशाला? पैसे देऊन अपघाताची आठवण का काढायची?" मी बरंच भांडलो.

आता एक वाक्य आहे. 'शिडीवाल्याची बदली झाली.' बंबाच्या तुकडीचा कप्तान म्हणतो, बूट घालता घालता. तुला कमी वाटेल, पण यातली खुबी बघ. बदली म्हणजे माणूस जिवंत आहे. उद्या तिसरा भाग निघाला तर दार उघडं आहे. फोटोत गेलेला माणूस परत येत नाही, बदलीवर गेलेला येतो. भाऊजींना असं समजावून सांग. किंवा म्हण, शूटिंग पुढे गेलंय. शूटिंग नेहमीच पुढे जातं, खोटंही ठरणार नाही.

कामाची घाई आहे, जास्त लिहीत नाही.

टिल्लू


४ एप्रिल

टिल्लू,

माझ्या एका प्रश्नाचं उत्तर तुझ्या पत्रात नाही. पान उलटून पाहिलं.

ह्यांना मी 'पुढे गेलंय' एवढंच सांगितलं. "चालायचंच," म्हणाले, आणि तालीम चालू ठेवली. त्यामुळे मी रोज संध्याकाळी एका कापलेल्या प्रसंगात जळतेय.

दुसरं. सोमवारी मी दुकानात असताना तुमच्या कंपनीचा माणूस घरी येऊन गेला. शेजारणीने दार उघडलं. चांगला बोलणारा होता म्हणे, ह्यांच्या पाया पडला, म्हणाला, "तुमच्याशिवाय दुसरा भाग कसा होईल?" आणि कागदावर सही घेतली. ह्यांना सही करायला दहा मिनिटं लागतात. दहा मिनिटं तो पेन धरलेला हात सावरत उभा होता. एक प्रत ठेवून गेलाय. पहिल्या भागातली ह्यांची दृश्यं, ह्यांचा चेहरा, 'कोणत्याही आवाजासह, कोणत्याही प्रकारे' वापरायची परवानगी.

ज्याची बदली झालीय त्याचा चेहरा कशाला हवाय? मी संध्याकाळी घरी आले तेव्हा हे इतके खूश होते की मला ओरडताही येईना.

मी चष्म्याच्या काचा घासते. काच वरून गुळगुळीत दिसली तरी बोट फिरवलं की कुठे चरा आहे ते कळतं. तुझी दोन्ही पत्रं मी तशीच वाचलीत. मला लिही. सगळं.

ताई


२१ मे

ताई,

तुला दीड महिना थांबवलं. तीनदा लिहिलं आणि फाडलं. हे फाडणार नाही. एकदा बसलोय तर सगळं लिहूनच उठेन.

सहीचं आधी. पहिल्या भागात गोदामाची आग आहे, तुला आठवत असेल. कप्तानाचा धाकटा भाऊ आत अडकतो आणि मरतो. ती आग अपघाताची होती. दुसऱ्या भागात कप्तानाला कळतं की तो अपघात नव्हता. आतलं दार बाहेरून कुणीतरी लावलं होतं, स्वतःचा जीव वाचवायला. तो कुणीतरी शिडीवाला. बदलीवर गेला नाही, पळाला. पहिल्या भागातलं भाऊजींचं एक दृश्य पुन्हा दाखवायचं आणि त्यावर दुसऱ्या नटाच्या आवाजात कबुली. चेहरा लांबून दिसतो, ओठ दिसत नाहीत, खपून जातं.

हे मी लिहिलं. कुणी डोक्याला पिस्तूल लावलं नव्हतं. बैठकीत दिग्दर्शक म्हणाले, आपल्यातलाच एक फितूर हवा, म्हणजे धक्का बसेल. कप्तानाचं काम करणारा म्हणाला, मी नाही होणार. पाण्याच्या पाइपवाल्याचं काम करणारा म्हणाला, मीही नाही, मला बाहेर लोक ओळखतात. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हटलं, "शिडीवाला आहे की." जो खोलीत असतो तो भांडतो. जो नसतो त्याच्यावर काहीही टाकता येतं. ही पाचवी वाट, जी मी तुला फेब्रुवारीत सांगितली नाही.

आता तुझा प्रश्न.

पट्टा भाऊजींनी स्वतः सोडला. कागदात ते खरं आहे. 'कुणाच्याही सूचनेशिवाय' हे खोटं. सूचना माझी.

सकाळपासून तो शॉट होत नव्हता. पट्ट्याचा दोर दिव्यात चमकायचा, कॅमेऱ्यात दिसायचा. त्याला काळा रंग लावला, तरी चमकला. दिग्दर्शक म्हणाले, एका शॉटपुरता काढा. दोर सांभाळणारे काका, पांढऱ्या मिशांचे, आमच्याकडे सगळे त्यांना दोरवाले काका म्हणत, ते म्हणाले, "मी काढणार नाही." भाऊजींना वर विचारलं, तेही नाही म्हणाले. दोन वेळा नाही म्हणाले, ताई. मग असिस्टंटने भोंगा माझ्या हातात दिला. "तुझे मेहुणे आहेत ना? तुझं ऐकतील."

माझा तो पहिला पिक्चर. संध्याकाळी सेट मोडायचा होता. मी भोंग्यातून म्हटलं, "भाऊजी, एकच शॉट आहे, सोडा." ते ऐकले. हुक सोडला, आणि सोडल्यावर मान वळवून एकदा खाली माझ्याकडे बघितलं. मग पुढच्या पायरीवर पाय ठेवला. पायरीवर पाइपाचं पाणी होतं.

ते बघणं कॅमेऱ्यात आलं. चार सेकंद. दिग्दर्शकांनी ते पिक्चरमध्ये ठेवलं. गोदाम जळतंय आणि शिडीवाला मागे वळून बघतो, तोच शॉट. लोक तिथे रडले. तोच शॉट आता कबुलीसाठी वापरलाय.

चौकशीच्या कागदावर खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. प्रत तुला दिली तेव्हा शेवटचं पान कंपनीने जोडलं नव्हतं. त्यानंतर मला आणखी तीन पिक्चर मिळाले.

टिल्लू


३ जून

टिल्लू,

पत्र आलं तेव्हा माझ्या हातात एका म्हाताऱ्या मास्तरांची काच होती. ती फुटली. मालकांना म्हटलं, हात सटकला.

आठवडाभर मी ते पत्र घरी नेलं नाही. मग एका रविवारी हे शेजारणीच्या पाहुण्याची माफी मागताना ऐकलं. "माझीच चूक, पट्टा मीच सोडला." पाहुणा बिचारा 'असू द्या, असू द्या' म्हणत चहा पीत होता. तो गेल्यावर मी दाराला कडी लावली आणि पत्र वाचून दाखवलं, शेवटच्या ओळीपर्यंत.

ह्यांनी उशी उंच करून मागितली. मग म्हणाले, "ते परत वाच. दोनदा नाही म्हणालो ते." वाचलं. "परत." तीनदा वाचलं. मग विचारलं, "खाली बघून मी काही बोललो का? त्याने लिहिलं नाही." मी म्हटलं, नाही लिहिलं. "विचार त्याला. माझं वाक्य आहे ते. मला आठवत नाही."

तुझ्याबद्दल काय म्हणतात याची मी वाट बघत होते. रात्रीचं जेवण झाल्यावर एवढंच म्हणाले, "पोरगं घाबरलं असेल." ते त्यांचं. माझं तसं नाही. मी सहा वर्षं ह्यांची कूस बदलतेय, आणि दर वेळी मनातल्या मनात म्हणतेय, कशाला सोडलास रे पट्टा. एकदा तोंडावरही म्हटलं. ते आता कुणाकडून परत घेऊ?

पण हे बदललेत, तेही सांगायला हवं. काल न्हाव्याला म्हणाले, "मी सोडत नव्हतो. मला सांगितलं म्हणून सोडला." सहा वर्षांत पहिल्यांदा घरी आलेल्या माणसाची त्यांनी माफी मागितली नाही. रात्री अंग चेपताना मला त्यांचे खांदे हलके लागले. मला वाटलं तसं असेल, पण लागले.

आता तुझं काम. ती कबुली काढ. कशी काढायची ते तू बघ. आणि जे मला लिहिलंस ते जिथे लिहायला हवं तिथे लिहून दे.

हे खाली बघून काय बोलले, ते कळव.

ताई


१६ जून

ताई,

ते म्हणाले होते, "टिल्लू, बघून सांगतोयस ना?" मी म्हटलं, "हो." मी काहीही बघितलं नव्हतं. पायरी ओली आहे की कोरडी, खाली जाळी लावलीय की नाही, काहीच नाही. भाऊजींना हे सांग. माझं 'हो' सुद्धा सांग.

दिग्दर्शकांकडे गेलो. सरळ म्हटलं, कबुली काढा, नाहीतर मी सगळीकडे सांगेन. ते शांत होते. "कुणाला सांगणार? सही तुझी आहे." दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरा लेखक बसला. सामान न्यायला गेलो तर तो माझ्या खुर्चीची उंची कमी-जास्त करत होता. नावांच्या यादीतून माझं नाव काढलंय. कबुलीचा भाग आधीच तयार आहे, तो तसाच राहणार.

कामगार कार्यालयात जाऊन जबाब लिहून दिला. तिथल्या बाईंनी वाचला आणि म्हणाल्या, "सहा वर्षं काय करत होतात?" कंपनीच्या वकिलाने लगेच लेखी कळवलंय की काढून टाकलेला लेखक सूड म्हणून बोलतोय. दुसरा साक्षीदार असेल तर आणा, म्हणाल्या बाई. दोरवाले काका धंदा सोडून कुठे गेलेत ते कुणाला माहीत नाही. शोधतोय.

हे आधी केलं असतं तर मोल होतं. आता मी बोललो तरी ते रागाने बोलल्यासारखं दिसतं.

पिक्चर ऑक्टोबरात लागणार. भाऊजींना नेऊ नकोस. काहीही सांग, पण नेऊ नकोस.

टिल्लू


२७ नोव्हेंबर

टिल्लू,

तुझी मधली तीन पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही, कारण वेळ नव्हता, आणि इच्छाही नव्हती. आता सगळं एकदाच लिहिते.

ह्यांना नेलं. तू नको म्हणाला होतास, मीही म्हटलं. तर म्हणाले, "माझी सही घेतलीय, म्हणजे मी त्यात आहे. मी असलेला पिक्चर मी बघणार." न्हावी आणि शेजारणीचा नवरा, दोघांनी चाकाच्या खुर्चीसकट उचलून नेलं. थिएटरवाल्याने बाजूच्या दाराने आत घेतलं, शेवटच्या रांगेच्या कडेला जागा दिली. निळा शर्ट घातला होता. ओळखणारे दोघे-तिघे येऊन हात मिळवून गेले.

मध्यंतरानंतर तो शॉट आला. हे वर शिडीवर, मान वळवून खाली बघतायत, आणि भलत्याच माणसाच्या आवाजात 'दार मीच लावलं' ऐकू येतं. लोकांनी शिव्या घातल्या. पुढच्या रांगेतला एक माणूस मागे वळला आणि ह्यांच्याकडे बघत राहिला. मी ह्यांचा हात धरला. बाहेर आल्यावर रस्त्यात म्हणाले, "मी तेव्हा टिल्लूकडे बघत होतो." मी म्हटलं, हो. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "आवाज चांगला होता त्याचा. माझ्यापेक्षा भारदस्त."

पहिले काही दिवस ठीक गेले. मग न्हावी आला. नेहमीसारखं बोलला नाही. 'शिडीवाले' म्हणाला नाही. दाढी झाल्यावर वस्तरा पुसत पुसत म्हणाला, "ते पिक्चर आहे, कळतं मला. पण काका, कप्तानाचा भाऊ होता तो. दार तरी उघडायचं." वाईट माणूस नाही तो. त्याला खरंच लागलं होतं.

आणि हे म्हणाले, "चुकलंच माझं."

मला आधी वाटलं, त्याचं मन राखायला म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी शेजारणीला म्हणाले, "दार मी लावायला नको होतं." मी तुझं पत्र काढून वाचलं. दोनदा नाही म्हणालात ते वाचलं, 'बघून सांगतोयस ना' ते वाचलं. मान हलवायचे, म्हणायचे, "हो, हो, बरोबर." आणि दिवेलागणीला पुन्हा दाराचं काढायचे. त्या डोक्यात एकच गोष्ट मावत होती, आणि पिक्चरमधली जास्त ठसठशीत होती. पत्राला काय, माझाच आवाज. मी रोज वाचायचे. कागदाच्या घड्या फाटल्या, तिथे चिकटपट्टी लावली. वीस दिवस वाचलं असेल.

मग छातीत कफ झाला. अशा पडून राहिलेल्या माणसाला तो होतोच, डॉक्टर पहिल्यापासून सांगत होते. सहा वर्षं मी तो होऊ दिला नव्हता. आठ दिवस दवाखान्यात होते. नर्स तोंडावरचा मास्क काढून पाणी पाजायला आली की तिला म्हणायचे, "बाई, माफ करा." ती म्हणायची, "कशाबद्दल, काका?" ते सांगायचे. तिने पिक्चर पाहिला नव्हता, त्यामुळे तिला काही कळायचं नाही. त्याबद्दल मी त्या पोरीची ऋणी आहे.

चौदा तारखेला दुपारी गेले. मी बाजूलाच होते. शेवटचं काय म्हणाले ते मी कुणाला सांगितलं नाही आणि तुलाही सांगणार नाही. चांगलं नव्हतं.

मी तुला लगेच कळवलं नाही. तू आला असतास, रडला असतास, आणि मग मला तुझी समजूत काढावी लागली असती. ते मी एकदा केलंय.

पेपरात चार ओळी आल्या होत्या, 'शिडीवाल्याचं काम करणारे नट'. त्या वाचून गेल्या आठवड्यात एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ दुकानात आले. तू शोधत होतास ते दोरवाले काका. आता एका बंदरावर माल चढवायच्या दोरांचं काम बघतात. त्यांनी चष्मा करायला आलोय असं सांगितलं आणि चार फ्रेमा हातात घेऊन परत ठेवल्या. शेवटी म्हणाले, "बाई, मी दोर काढणार नाही म्हटलं होतं. पण तिथे उभाच राहिलो ना. निघून जायला हवं होतं, म्हणजे शॉट थांबला असता." ते जबाब द्यायला तयार आहेत. त्यांना घेऊन मी त्याच कामगार कार्यालयात गेले. बाईंनी फाईल पुन्हा उघडली. कंपनीलाही बोलावलंय. दहा डिसेंबर, सकाळी अकरा वाजता, दुसरा मजला.

त्यातून हातात काय पडेल ते मला माहीत नाही. पिक्चर लाखो लोकांनी पाहिलाय, तो कुणी परत घेणार नाही. ह्यांच्या नावाला कबुली चिकटलीय ती चिकटली. पण सरकारी कागदावर जे एक वाक्य आहे ते मला खोडून हवंय. त्याच्या जागी काय झालं ते लिहून हवंय, भोंगा कुणाच्या हातात होता त्यासकट.

तू ये. जबाब लिहून दिलाय म्हणून घरी बसू नकोस, आणि तिथे कागद काढून वाचूही नकोस. तू लिहिलेलं फार चांगलं वाटतं, तोच तुझा रोग आहे. उभं राहून तोंडाने सांग. मी समोरच्या बाकावर बसेन. तुझ्याशी बोलणार नाही, चहालाही थांबणार नाही. पण तुझं सगळं सांगून होईपर्यंत मी तिथून उठणार नाही.

ताई